मदत हवी आहे: बाबा माझे कॉलर, पण 'उलट' म्हणजे नक्की काय?

मक्यातला_वैमानिक:
मंडळी, मी इंडियानात असतो. दोन वर्षं आरसी, म्हणजे रिमोटवर चालणारी छोटी विमानं उडवतोय. तीन आठवड्यांनी पहिली आयमॅक (आरसी विमानांच्या हवाई कसरतींची) स्पर्धा आहे, बेसिक म्हणजे सगळ्यात सुरुवातीच्या वर्गात. विमान एक्स्ट्रा ३००ची प्रतिकृती, ३५ सीसी पेट्रोल इंजिन. 'आहे' म्हणवत नाही, कारण ते पडलं. त्याचीच गोष्ट सांगतो.

हवाई कसरती करताना डोळे विमानावरून हलवता येत नाहीत. म्हणून मागे कॉलर उभा राहतो आणि कागदावरची पुढची आकृती वाचून सांगतो. बाबा जूनपासून इथे आलेत. सगळी नोकरी तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात गेली, मोडी सहज वाचतात. त्यांना ॲरेस्टी चिन्हांचा, म्हणजे कसरतींच्या आकृत्या रेघांनी दाखवणारा कागद दिला: ठिपका म्हणजे सुरुवात, शेवटी छोटी आडवी काटकी, तुटक रेघ म्हणजे विमान पाठीवर. अर्ध्या तासात पाठ! वर म्हणाले, "मोडीपेक्षा सोपं आहे रे, निदान कारकुनाचं अक्षर तरी नाही."

रविवारी सराव करताना ते ओरडले, "आता उलट!" त्यांना म्हणायचं होतं, उलट दिशेला फिरव. मी अर्धा रोल मारून विमान पाठीवर घेतलं. मग कागदाप्रमाणे 'वर' जायचं म्हणून सवयीने रिमोटवरची स्टिक (दांडी) ओढली. पाठीवर असताना ओढलं की नाक जमिनीकडे जातं, हे कळेपर्यंत विमान मक्यात होतं.

क्लबातल्या एका आजोबांनी अवाक्षर न काढता खिशातून घडी घातलेली काळी कचऱ्याची पिशवी काढून माझ्या हातात ठेवली. इथली रीतच आहे ती. मग चौघे खांद्याएवढ्या मक्यात शिरून तुकडे वेचत बसलो. इंजिन वाचलं, डावा पंख गेला.

बाबा तेव्हापासून गप्प आहेत. "कुणी इंग्रजीवाला बघ," म्हणतात. मला ते नकोय. मराठीत कॉल दिलेला चालतो का? कोणते शब्द ठरवावेत? आणि एक्स्ट्रा तोवर उभी राहणार नाही, जुनं फोमचं विमान चालेल?

डावा_रडर:
बेसिकमध्ये प्रतिकृतीची अट नाही, फोमचं खुशाल आणा. कॉल कोणत्याही भाषेत द्या. पंच विमानाला गुण देतात, बाबांच्या मराठीला नाही.

'उलट' हा शब्द घरातूनच हद्दपार करा. विमान उलटं हवं तर 'पाठीवर'. स्टिकसाठी फक्त 'ओढ' आणि 'ढकल'. 'वर-खाली' अजिबात नको, पाठीवर गेल्यावर हमखास घोळ होतो. दोन आकृत्यांमधल्या सरळ रेषेत पुढची पूर्ण आकृती सांगायची, आकृती चालू असताना फक्त पुढची पायरी. "वा!" आणि "अरे अरे!" उतरल्यावर.

निवृत्त_पंच:
वरच्याशी सहमत. दोन गोष्टी. कागद वाऱ्याप्रमाणे बी आणि सी असे दोन असतात, एकमेकांची आरशातली प्रतिमा. उड्डाणाआधी बाबांच्या हातात योग्य तो आहे ना, ते स्वतः बघा. मी यात भल्याभल्यांना फसताना पाहिलंय.

दुसरं म्हणजे आडवा वारा. आम्ही विमानाचा मार्ग बघतो, नाकाची दिशा नाही. तेव्हा नाक वाऱ्याकडे थोडं वळवून रेघ सरळ ठेवा. चुकलात तर दर ५ अंशांना अर्धा गुण जातो. हॅमरहेडमध्ये विमान सरळ वर चढून टोकाला वळून खाली येतं; त्या टोकाला ते थांबतं, तेव्हा वाऱ्याने सरकलं तर त्याचे गुण कापत नाहीत.

बाकी, वडिलांना सोडू नका हो.

मक्यातला_वैमानिक:
खूप आभार! 'पाठीवर, ओढ, ढकल' कालपासून सिम्युलेटरवर चालू आहे. बाबा सोफ्यामागे उभे राहून कॉल देतात, आई वैतागलीय. आकृत्यांच्या क्रमाचा कागद त्यांनी स्वतः नव्याने लिहून काढला, मोडीत. आता कागद बी आहे की सी, हे त्यांच्याशिवाय कुणालाच कळत नाही, मलाही नाही. निवृत्त पंच, यावर काही उपाय?