जावा: बिलातला एक पैसा कुठे गळतो?

प्रश्न: जावा या प्रोग्रामिंग भाषेत रक्कम डबलमध्ये (दशांश संख्येच्या प्रकारात) आहे. १९.९९ ला १०० ने गुणून इंटमध्ये (पूर्णांकाच्या प्रकारात) घेतलं की १९९९ ऐवजी १९९८ पैसे येतात. राउंड केलं तर भागेल का?

उत्तर १: आज भागेल, पण दुखणं मुळातच आहे. १९.९९ बायनरीत, म्हणजे संगणकाच्या ०-१ च्या पद्धतीत, नेमका बसतच नाही. गुणाकार १९९८.९९९९९९९९९९९९८ येतो आणि इंट अपूर्णांक सरळ छाटतो. रक्कम पहिल्यापासून पैशांत, लाँगमध्ये (मोठ्या पूर्णांकाच्या प्रकारात) ठेवा. इंट नकोच, तो २,१४,७४,८३६ रुपये ४७ पैशांवर संपतो.

उत्तर २: जीएसटीसारखी टक्केवारी काढताना बिगडेसिमल (नेमक्या दशांश संख्येचा प्रकार) घ्या, पण किंमत स्ट्रिंग (मजकूर) म्हणून द्या. डबल दिलात तर तीच चूक आत शिरते. आणि दोन बिगडेसिमलच्या तुलनेला इक्वल्स ही मेथड कधीच नको! त्याच्या लेखी २.० आणि २.०० वेगळे, कम्पेअरटू वापरा.

उत्तर ३: भागाकारही सांभाळा. १०० रुपये तिघांत वाटले की प्रत्येकी ३३३३ पैसे, आणि १ पैसा उरतो. तो कोणाला द्यायचा हे कोडमध्ये स्पष्ट लिहा, नाहीतर बेरीज जुळत नाही. परदेशी चलन असेल तर रकमेशेजारी चलनाचा कोडही साठवा: येनला दशांश नाहीत, कुवेती दिनारला ३ आहेत.