बादली, पुडा आणि एक कटिंग

कोणीतरी विचारलंय, शंकूछेदाच्या (म्हणजे टोक कापलेल्या शंकूच्या, बादलीसारख्या आकाराच्या) घनफळाचं ते लांबलचक सूत्र पाठ करण्यापेक्षा दोन त्रिज्यांची सरासरी काढून सरळ वृत्तचितीचं (नळकांड्याचं) सूत्र लावलं तर काय बिघडतं? दहावीत मलाही हेच वाटायचं. परवा इथे कळव्यात पाणी गेलेलं, बादली रिकामी आणि मुलीची महत्त्वमापनाची (क्षेत्रफळ-घनफळाच्या गणिताची) वही उघडी. म्हटलं, मापूनच बघू. आतली त्रिज्या वर १४ सेंमी, तळाला १०, उंची २७. सरासरी १२ धरली तर १२.२ लिटर. सूत्राने, म्हणजे १/३ × पाय (π) × २७ × (१४² + १०² + १४ × १०), आले १२.३. फरक जेमतेम ११३ मिली, एका कटिंगएवढा!

पण बादली फसवी हो. तिच्या दोन्ही त्रिज्या जवळपासच्या. तलावपाळीवरचा चण्याचा शंकूसारखा पुडा घ्या, टोकाला त्रिज्या शून्य. सरासरी निम्मी, तिचा वर्ग पाव; म्हणजे तेवढ्याच तोंडाच्या आणि उंचीच्या वृत्तचितीच्या पाव घनफळ येतं; खरं घनफळ मात्र तिच्या एक तृतीयांश. म्हणजे चार मुठींतली एक मूठ चणे हिशोबातून गायब. हा फरक नेहमी पाय × उंची × (त्रिज्यांमधला फरक)² ÷ १२ एवढा भरतो, बादलीवर ताडून बघा. मुलीने ते वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलंय. पेपरात मात्र मुकाट सूत्रच लिही, असं सांगितलंय.