माइंडस्ट्रीचा सर्व्हर घरात दिसतो, पुण्याच्या भाच्यांना जोडता येत नाही

अमळनेरचा_मामा:
राम राम मंडळी. मे महिनाभर दोघं भाचे माझ्याकडे अमळनेरला होते. दुपारी बाहेर पाय ठेवायची सोय नव्हती, म्हणून त्यांच्या मोबाइलवर माइंडस्ट्री (कारखाने नि बुरूज रचून शत्रूला थोपवायचा गेम) टाकून दिला आणि जुन्या लॅपटॉपवर (4 जीबी रॅम, लिनक्स मिंट) त्याचा सर्व्हर उभा केला. लॅपटॉपवर जावा 8 होतं, त्यावर सुरूच होईना. 17 टाकलं आणि लगेच उठला. घरच्या वायफायवर दोघांच्या फोनमध्ये आपोआप दिसायचा. धाकट्याने एडिटरमध्ये तापीचा मॅप केलाय. मधून खोल पाणी, काठाकाठाने तांबं नि शिसं, आणि पाडळसऱ्याच्या धरणाच्या जागी आमचा कोअर, म्हणजे राखायचा मुख्य तळ.

शाळा सुरू झाल्या, पोरं पुण्याला गेली. राउटरमध्ये 6567 पोर्ट लॅपटॉपकडे वळवला, टीसीपी आणि यूडीपी दोन्ही. फायरवॉलमध्येही तोच उघडला. इंटरनेटवर "माझा आयपी" बघून आकडा कळवला, तरी जोडलं जात नाही. धाकटा रोज जेवण झालं की फोन करतो, "मामा, झाला का सर्व्हर?" पाच दिवस झाले. कुठे चुकतंय?

भुसावळ_यार्ड:
भाऊ, तुन्हं बठ्ठं बराबर शे. घोळ तुमच्या घराबाहेर दिसतोय. राउटरच्या स्टेटस पानावर वॅनचा (म्हणजे बाहेरच्या बाजूचा) आयपी बघा आणि "माझा आयपी"शी ताडून पाहा. दोन्ही वेगळे असतील, त्यातही वॅनचा 100.64 ते 100.127 मधला असेल, तर केबलवाल्याने सीजीनॅट लावलंय. म्हणजे एकच सार्वजनिक आयपी कितीतरी घरांत वाटलाय. पुण्याहून आलेला पाहुणा चाळीच्या फाटकापर्यंत पोचतो, पण आत कोणत्या खोलीत सोडायचं हे फाटकावरच्याला माहीत नसतं. तुम्ही आपल्या खोलीचं दार कितीही उघडं ठेवा, उपयोग नाही.

केबलवाल्याकडून स्टॅटिक आयपी घेता येतो, त्याचे वेगळे पैसे लागतात. दोन पोरांसाठी मी तो खर्च करणार नाही. लॅपटॉपवर आणि दोन्ही फोनांवर टेलस्केल (लांबच्या यंत्रांना एका खाजगी नेटवर्कमध्ये जोडणारं ॲप) टाका, तिघं एकाच नेटवर्कमध्ये घ्या. तोही 100 ने सुरू होणारा पत्ता देतो, त्याची वॅनच्या आयपीशी गल्लत करू नका. आणि घरच्यासारखा सर्व्हर आपोआप दिसेल ही आशा सोडा. स्थानिक शोधाची हाक टेलस्केलमधून पलीकडे जात नाही. गेममध्ये पत्ता हाताने भरायचा. गेमची आवृत्ती मात्र सगळीकडे एकच हवी.

अमळनेरचा_मामा:
वॅन 100.72 ने सुरू होतोय! पाच दिवस मी पोर्टच उघडत-मिटत बसलो होतो. धाकट्याच्या आईला फोनवर एकेक पायरी सांगून टेलस्केल टाकून घेतलं. रात्री 9 ला दोघंही आत आले.

पण सकाळी पाहतो तर तापीचा मॅपच नाही, सर्व्हरवर भलताच मॅप सुरू. धाकटा रडकुंडीला आलाय.

शिरपूर_फाटा:
दादा, मॅप हरवलेला नाही. रात्री कोणी नसताना शत्रूच्या लाटा येत राहिल्या, कोअर पडला, आणि हरल्यावर सर्व्हर स्वतःच पुढचा मॅप घेतो. मॅपची फाइल कॉन्फिग फोल्डरातल्या मॅप्समध्ये असेलच. रचलेले बुरूज मात्र गेले, ते परत बांधावे लागतील.

सर्व्हरच्या खिडकीत "कॉन्फिग ऑटोपॉज ट्रू" द्या, कोणी नसलं की खेळ थांबून राहील. "कॉन्फिग ऑटोसेव्ह ट्रू" तर आपल्याकडे हवंच. लॅपटॉपला बॅटरी आहे, राउटरला नाही. वीज गेली की पोरं बाहेर फेकली जातात, सर्व्हर मात्र चालू राहतो आणि ऑटोपॉज त्याला जागीच धरून ठेवतं. बॅटरीही संपली तर वीज परत आल्यावर "लोडऑटोसेव्ह" देऊन शेवटचा सेव्ह उचला. झाकण मिटल्यावर लॅपटॉप झोपू नये हे पॉवर सेटिंगमध्ये बघा, पण उन्हाळ्यात झाकण उघडंच ठेवा. मी मिटून कपाटावर ठेवला होता, एप्रिलमध्ये पंखा गेला.

अमळनेरचा_मामा:
दोन्ही दिलं. काल 8:20 ला वीज गेली, 8:50 ला आली. पोरं परत जोडली गेली तेव्हा सगळे बुरूज जागच्या जागी, लाटही तीच. धाकटा म्हणतो उत्तरेकडून विमानं येतात, ड्युओ (साधे बुरूज) पुरत नाहीत, नदीच्या त्या काठाला चार स्कॅटर (विमानं पाडणारे बुरूज) लावू. त्यांना लागणारं शिसं आमच्याच काठावर आहे आणि खोल पाण्यावर माल वाहणारा पट्टा बसत नाही, तेव्हा आज रात्री पाडळसऱ्यापाशी उथळ पट्टीतून पलीकडे न्यायचाय. भुसावळचे भाऊ, शिरपूरचे दादा, वेळ असला तर आवृत्ती कळवा, टेलस्केलमध्ये घेऊन पत्ता देतो.