तुकोबांनी कर्जखतं बुडवली ती इंद्रायणी आणि आजचा फेस, धर्म काय म्हणतो यावर?

देहूवाट: राम कृष्ण हरी मंडळी. मागच्या आठवड्यात आळंदीला गेलेलो, घाटाला लागून पांढराशुभ्र फेस, एक आजी तो हातानं बाजूला सारून ओंजळ भरत होत्या, पोटात कालवलं हो. हीच नदी वर देहूला. १६३० च्या दुष्काळानंतर तुकोबांनी सावकारीची आपल्या वाट्याची कर्जखतं तिच्यातच सोडली असं घरी लहानपणापासून ऐकतोय. मग कर्ज काढून कारखाने, शहर वाढवायचं आणि भरपाई नदीनं करायची, यावर धर्मात काही सांगितलंय का? आपल्याच नाही, कुठल्याही.

नाना_सातारकर: दामदुप्पट ऐकलंय ना? एका वेळी घ्यायचं व्याज मुद्दलापेक्षा जास्त होता कामा नये, हा धर्मशास्त्रातला नियम ब्रिटिश काळात मुंबई इलाख्यातल्या कोर्टांनीही लावला. म्हणजे वाढीला कुठंतरी थांबा पाहिजे हे आपल्याकडं मान्य होतं. पण तुकोबा पैशाच्या विरोधात होते असं नका समजू, 'जोडोनिया धन उत्तम वेव्हारें' त्यांनीच म्हटलंय, सगळा जोर 'उत्तम' वर आहे.

वसईची_वाडी: आम्ही वसईचे ख्रिस्ती. बायबलात लेवीय २५ वाचा, सातव्या वर्षी जमीन पडीक ठेवायची आणि पन्नासावं वर्ष योबेलचं, गरिबीनं विकलेली जमीन मूळ घराण्याला परत, कर्जापायी दुसऱ्याच्या घरी राबणारा मोकळा. माणसाची सुटका आणि जमिनीची विश्रांती एकाच अध्यायात, मला हे फार मोठं वाटतं. २०१५ च्या पत्रात पोप फ्रान्सिस यांनी तर श्रीमंत देशांवर गरीब देशांचं पर्यावरणाचं ऋण आहे असं स्पष्ट लिहिलंय.

सलीम_चिपळूण: कुराणात व्याज हराम आहेच, शिवाय सूरह बकरात कर्जदार अडचणीत असेल तर त्याला मुदत द्या, माफ केलंत तर अजून चांगलं असं आहे. पण दादा, इथं कर्जदार आपण आहोत आणि सावकार नदी, ती बिचारी तगादा लावायला कुणाच्या दारात जाणार?

चाकण_शिफ्ट: माझं घर कंपनीच्या पगारावर चालतं, गावाकडचं कर्ज त्यातूनच फिटलं, त्यामुळं कारखाने नकोत असं मी म्हणूच शकत नाही. पण सांडपाणी शुद्ध करायचा खर्च मालात धरलाच पाहिजे, आणि बराच मैला तर आपल्याच सोसायट्यांचा असतो, तो कोण मोजणार?

देहूवाट: सलीमभाई, तगाद्याचं मनाला लागलं. आमच्या सोसायटीचं पाणी कुठं सोडतात हे मलाच माहीत नाही, रविवारच्या मीटिंगमध्ये पहिलं तेच विचारतो.