शब्दचर्चा : ‘पायोनिअर’ला प्रणेता म्हणावं का?

प्रश्न : नमस्कार. अनुवादाच्या वर्गासाठी एक छोटं टिपण मराठीत आणायला घेतलं आहे. अ‍ॅपलचे स्टीव्ह जॉब्स ५ ऑक्टोबर २०११ रोजी वारले, आणि दुसऱ्याच दिवशी मुक्त सॉफ्टवेअर चळवळीचे (प्रोग्राम वापरणाऱ्याला तो बघण्याची, बदलण्याची आणि वाटण्याची मोकळीक हवी, असं म्हणणाऱ्या चळवळीचे) रिचर्ड स्टॉलमन यांनी ते लिहिलं होतं. जेमतेम पाच-सहा वाक्यं आहेत, पण तीन ठिकाणी अडले आहे. पहिल्याच वाक्यात ते जॉब्सना ‘पायोनिअर’ म्हणतात. कशाचे, तर संगणकाला झकास दिसणाऱ्या तुरुंगाचं रूप देण्याचे. तिथे ‘प्रणेते’ लिहिलं की सत्काराचं भाषण वाटतं. पुढे ‘मेला याचा आनंद नाही, पण गेला याचा आहे’ अशा अर्थाचं एक अवतरण आहे, ते मराठीत काही केल्या उभं राहत नाही. आणि शेवटी ‘लेगसी’ आहे. ‘वारसा’ चालेल का?

प्रतिसाद : ‘आद्यप्रवर्तक’ घ्या. नाहीतर ‘अग्रदूत’.

प्रतिसाद : दोन्ही शब्द चांगले आहेत आणि अडचण नेमकी तीच आहे. प्रणेता, प्रवर्तक, अग्रदूत, जनक, आद्य अमुक, हे सगळे मराठीत मानाचे शब्द. बाळशास्त्री जांभेकर आद्य पत्रकार, दादासाहेब फाळके चित्रपटसृष्टीचे जनक, वासुदेव बळवंत फडके आद्य क्रांतिकारक. ‘भेसळीचे प्रणेते’ असं म्हणून बघा, ऐकणारा ते टोमणा म्हणूनच घेईल. स्टॉलमन टोमणा मारत नाहीत, ते सरळ आरोप करतात. इंग्रजी शब्दाला ते पेलतं, कारण पायोनिअर हा मुळात पायदळातला माणूस. फौजेच्या पुढे जाऊन झाडी तोडायची, खंदक खणायचे, वाट मोकळी करायची. मागून येणारी फौज कशासाठी निघाली आहे, हे त्या शब्दात नाही.

आपल्याकडे असा एक शब्द रोजच्या वापरात आहे : पायंडा. त्यातही पाय आहे. एकजण आधी चालून जातो आणि मागचे त्याच वाटेने जातात. पायंडा चांगलाही पडतो आणि वाईटही, तो पाडणाऱ्याच्या पाया पडावं असं त्यात काही नाही. ‘यातून चुकीचा पायंडा पडेल’ हे वाक्य कुठल्याही गृहनिर्माण सोसायटीच्या सभेत ऐकू येतं.

शिवाय वस्तुस्थितीलाही हा शब्द बसतो. आयफोन जून २००७ मध्ये विक्रीला आला आणि जुलै २००८ मध्ये अ‍ॅप स्टोअर उघडलं. आपण पैसे मोजून घेतलेल्या यंत्रावर कोणता प्रोग्राम चालेल हे बनवणारी कंपनी ठरवणार आणि तो तिच्याच दुकानातून घ्यायचा. व्हिडिओ गेमच्या यंत्रांवर ही पद्धत आधीपासून होती. खिशातल्या संगणकावर ती लोकांनी आनंदाने स्वीकारावी, हे जॉब्स यांनी घडवलं. ‘तुरुंग’ शब्दही मवाळ करू नका. आयफोनची ही बंधनं तोडण्याला तो वापरणारेच ‘जेलब्रेक’, म्हणजे तुरुंग फोडणं, म्हणत आले आहेत.

मी असं लिहीन : ‘संगणक म्हणजे देखणा तुरुंग, असा पायंडा पाडणारे स्टीव्ह जॉब्स वारले.’

प्रतिसाद : पण ‘जनक’ का नको? किंवा सरळ ‘संशोधक’?

प्रतिसाद : ‘संशोधक’ तर मुळीच नको. मराठीत शोध हा एकच शब्द फार ओझं वाहतो. हरवलेल्या मुलाचा शोध घेतात, अमेरिकेचा शोध लागतो आणि विजेच्या दिव्याचाही शोधच लागतो. हिंदीत खोज आणि आविष्कार वेगळे आहेत. आपण मात्र आविष्कार हा शब्द गायकाच्या आणि नटाच्या अभिव्यक्तीसाठी राखून ठेवला. त्यामुळे ‘शोध लावला’ म्हटलं की नक्की कुणी काय केलं ते पुसलं जातं. अ‍ॅपलचा पहिला संगणक स्टीव्ह वॉझ्निअ‍ॅक यांनी रचला. माउस डग्लस एंगेलबार्ट यांनी १९६८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत लोकांसमोर चालवून दाखवला होता. जॉब्स यांची कामगिरी निवडण्याची, जुळवण्याची आणि घासूनपुसून घेण्याची. ती लहान नाही, पण तिचं नाव संशोधन नाही.

जॉब्स यांच्यानंतर आठवडाभरातच डेनिस रिची न्यू जर्सीतल्या घरी मृतावस्थेत सापडले. प्रोग्राम लिहिण्याची ‘सी’ भाषा त्यांची, आणि युनिक्स ही संगणक चालवणारी प्रणाली त्यांनी केन थॉम्प्सन यांच्याबरोबर बेल लॅब्ज या प्रयोगशाळेत उभी केली. जॉब्स यांच्या फोनची प्रणाली युनिक्सच्याच घराण्यातली आहे आणि तिच्या गाभ्यातली भाषा ‘सी’. रिची यांना ‘जनक’ म्हणायला माझी हरकत नाही, पण त्या भाषेलाही आई-आजी आहेत. तिच्या आधी थॉम्प्सन यांची ‘बी’ होती आणि ‘बी’च्या आधी मार्टिन रिचर्ड्स यांची ‘बीसीपीएल’. म्हणून मी ‘सी भाषा घडवली’ असं लिहितो. घडवणं या शब्दात लोहाराचा हातोडा आहे, आणि लोखंड दुसऱ्याकडून आलेलं असू शकतं.

आता ‘गेला’. हे अवतरण शिकागोचे महापौर हॅरॉल्ड वॉशिंग्टन यांचं, त्याच शहराचे एक माजी महापौर रिचर्ड डेली यांच्याबद्दलचं. डेली १९५५ पासून १९७६ मध्ये मरेपर्यंत त्या खुर्चीवर होते. इंग्रजीत मरण वेगळं आणि जागा रिकामी होणं वेगळं. मराठीत ‘गेले’ म्हणजेच वारले. फोनवर कुणी नुसतं ‘आजोबा गेले’ म्हणालं की ‘कुठे?’ असं कुणी विचारत नाही. त्यामुळे मेला-गेला हे यमक जुळतं, पण वाक्य स्वतःलाच खोडून काढतं. वॉशिंग्टन यांना सुटकेचा निःश्वास टाकायचा होता तो एकवीस वर्षांच्या सत्तेतून. त्यासाठी ‘सद्दी’ आहे : ‘ते वारले याचा मला आनंद नाही, त्यांची सद्दी संपली याचा आहे.’

प्रतिसाद : मला हे सगळंच खटकतं. छपन्नाव्या वर्षी कर्करोगाने गेलेल्या माणसाबद्दल दुसऱ्याच दिवशी असं लिहावं? आपल्याकडे मरणान्तानि वैराणि म्हणतात. अनुवादकाने थोडी धार बोथट केली तर काय बिघडतं? आणि करायचाच असेल अनुवाद, तर निदान ‘जॉब्स मेला’ असा एकेरी तरी करू नका.

प्रतिसाद : तुमचं खटकणं मला समजतं. २०११ मध्ये मुक्त सॉफ्टवेअरच्या बाजूच्या अनेकांनाही ते खटकलं होतं. एकेरीबद्दल पूर्ण सहमत. इंग्रजीत आदरार्थी रूप नसतं, म्हणून ‘मेला’ लिहिणं म्हणजे लेखकाने न दिलेली शिवी आपण द्यायची. आदरार्थी बहुवचन ठेवलं की आरोप उलट जास्त स्पष्ट ऐकू येतो. पण धार बोथट करायला माझा ठाम विरोध आहे. त्याच टिपणात स्टॉलमन लिहितात की मरण कुणाच्याच वाट्याला यावं असं नसतं, जॉब्स यांच्याही नाही. वैर माणसाशी असेल तर ते मरणाशी संपावं. इथे भांडण एका पद्धतीशी आहे आणि ती पद्धत ६ ऑक्टोबरला जिवंत होती.

म्हणूनच ‘लेगसी’ला वारसाच लिहा. ‘योगदान’ नको आणि ‘देणगी’ तर नकोच, कारण देणगी परत करता येते. वारसा हा शब्द आपण भाषणांत वापरून गुळगुळीत केला आहे, समृद्ध वारसा, थोर वारसा. तलाठ्याच्या दप्तरात तो अजून खरखरीत आहे. आजोबा वारले तेव्हा वडील आणि काका वारस नोंदीला गेले, मीही बरोबर होतो. फेरफार मंजूर झाला, सातबाऱ्यावर दोघांची नावं लागली, आणि शेजारच्या ‘इतर हक्क’ रकान्यात विकास सोसायटीचा बोजा जसाच्या तसा राहिला. जमीन घेतो, बोजा तेवढा काढा, असं म्हणता येत नव्हतं. विहीर आजोबांनी त्याच कर्जातून खणली होती आणि तिचं पाणी आम्ही आजही पितो.

स्टॉलमन शेवटच्या वाक्यात वारसदारांचाच उल्लेख करतात. ‘सक्सेसर्स’ला तिथे ‘उत्तराधिकारी’ नको, एका धातूचे दोन शब्द शेजारी येऊ द्या. आणि ‘कमी परिणामकारक ठरोत’ हे ऐकायला सरकारी परिपत्रक वाटतं. मी असं करीन : ‘आता आशा एवढीच, की त्यांचा वारसा चालवू पाहणाऱ्या वारसदारांना ते त्यांच्याइतकं न साधो.’

प्रश्नकर्ती : ‘पायंडा’ आणि ‘सद्दी’ घेतले. शेवटच्या वाक्यात ‘साधो’च्या जागी ‘जमो’ करते आहे, माझ्या तोंडी तेच येतं.