जुना ट्रेकवाला, नवीन कार्टून ट्रेक. पुढे बघू की इथेच थांबू?

कोपरीकर_७४ | २४ जानेवारी २०२१

नमस्कार मंडळी. राहणार ठाणे, कोपरी. वय ४७. स्टार ट्रेकचा (अंतराळातल्या जहाजावरची अमेरिकन सीरिज) रोग लहानपणापासूनचा, रविवारी सकाळी दूरदर्शनवर लागायचं तेव्हा इंग्रजी शष्प कळत नव्हतं तरी आंघोळ टाळून बघायचो. मग केबल आली, गच्चीवरून वायरी लोंबायला लागल्या आणि स्टार प्लसवर त्याची पुढची सीरिज नेक्स्ट जनरेशन सुरू झालं. (स्टार प्लस एके काळी इंग्रजी चॅनल होतं हे पोराला सांगितलं तर तो म्हणतो बाबा काहीही.)

तर परवा शुक्रवारी प्राइमवर नवीन कार्टून ट्रेक, लोअर डेक्स, आलं, पहिल्या सीझनचे दहाही भाग एकदम. अमेरिकेत गेल्या ऑगस्टपासूनच चालू होतं, आपण इकडे पाच महिने स्पॉयलर चुकवत बसलो. दोन भाग बघितले आणि डोकं भंजाळलं राव. सगळे एवढ्या स्पीडने बोलतात की सबटायटल लावून पण पॉज करावं लागतं. नेक्स्ट जनरेशनचा कॅप्टन पिकार्ड कसा चहाचा घोट घेणार, खिडकीबाहेर बघणार, मग एक वाक्य बोलणार. इथे ती मरिनर (जहाजावरची खालच्या हुद्द्याची पोरगी) एका दमात पाच जोक मारते आणि वर कुणाची तरी खेचते. पहिल्याच भागात एक गाईएवढा कोळी तिच्यासोबतच्या बिचाऱ्या बॉइमलरला तोंडात घेऊन चोखत बसतो आणि त्याची ती लाळच शेवटी जहाजावर पसरलेल्या रोगावर औषध म्हणून कामी येते. हे स्टार ट्रेक??

गंमत म्हणजे पोरगा नववीत आहे, त्याला ट्रेकमधलं ओ की ठो माहीत नाही, तो सोफ्यावर लोळून हसतोय. मला सगळं माहीत आणि मी तोंड पाडून बसलोय. बायको येताजाता विचारते, लॉकडाऊनमध्ये सगळं बघून संपलं वाटतं, आता कार्टून का?

प्रश्न एवढाच, पुढे सुधारतं का? आणि हे जुन्या सीरिजच्या जगात खरंच घडलंय असं धरायचं की नुसती टिंगल आहे?

---

ऐरोली_नाइटशिफ्ट

काका थांबू नका, तिसरा भाग बघा, मग बोलू.

दुसऱ्या प्रश्नाचं आधी सांगतो. खरंच धरायचं, साल २३८० आहे, म्हणजे नेक्स्ट जनरेशनच्या शेवटच्या पिक्चरनंतर लगेच. फक्त जहाज ते नेहमीचं एंटरप्राइझ नाही, सेरिटॉस आहे. कॅलिफोर्निया क्लासची जहाजं आणि नावं तिथल्या गावांची, म्हणजे आपण विक्रांत म्हणायच्या ऐवजी आयएनएस कळंबोली म्हटल्यासारखं. कामही तसलंच. नव्या ग्रहाची पहिली भेट मोठी जहाजं घेणार, हार-तुरे त्यांना, आणि मग सेकंड काँटॅक्टला हे जाणार, फॉर्म भरून घ्यायचे, सह्या आणायच्या, स्पेलिंग तपासायचं.

आता तिसरा भाग. बॉइमलर लिफ्टमध्ये कॅप्टनसमोर चुकून 'बफर टाइम' बोलून जातो. म्हणजे खालची पोरं वर सांगताना काम आहे त्यापेक्षा जास्त वेळ लागेल म्हणून सांगतात आणि उरलेल्या वेळात जरा श्वास घेतात. कॅप्टनला हे नवीनच, ती पेटते आणि प्रत्येक कामाला घड्याळ लावते. मग काय, सगळे धावतायत, घाईत भलतीच भेटवस्तू घेऊन दुसऱ्या ग्रहावर जातात, तिथले लोक भडकतात, भाले घेऊन जहाजात घुसतात आणि इकडे लोकांचं लक्ष अजून घड्याळातच, कारण हातातलं टास्क संपायला दोन मिनिटं राहिलीत!!

काका मी महापेला एका कंपनीत होतो (नाव नको), तिथे वर्षभरापूर्वी असंच एक सॉफ्टवेअर आणलं, दर पंधरा मिनिटाला काय केलं ते भरायचं. आमच्यातला एक जण त्यात इमानदारीत 'टाइमशीट भरली' असं लिहायचा, दिवसातून चार वेळा, त्यावर मीटिंग झाली. मी तो भाग बघताना एवढा हसलो की बाजूच्या खोलीतून आई उठून आली. आणि हे बफर प्रकरण यांनी हवेतून नाही आणलं. आपला स्कॉटी, मूळ सीरिजमधला इंजिनिअर, दुरुस्तीला चौपट वेळ सांगायचा हे तिसऱ्या पिक्चरमध्ये तो स्वतः कबूल करतो. तोच प्रकार, फक्त इथे त्याच्या हाताखालच्या पोरांच्या बाजूने दाखवलाय. बिचारे कॉरिडॉरमध्ये बर्थ लावून झोपतात, वरून लोकांची ये-जा चालू. पिकार्डच्या जहाजात साध्या इंजिनिअरलासुद्धा आख्खी केबिन होती हो.

---

चरई२२

मी थोडं उलट बोलते, रागावू नका. दहाही भाग बघितले मी, आवडले पण, पण आरडाओरडा जास्तच आहे. कुणी 'मीठ दे' म्हणायचं तरी बोंबलून म्हणेल. हे बनवणारा माइक मॅकमहान रिक अँड मॉर्टी या कार्टूनच्या लेखकांमधला, ती सवय आहे. आणि जुन्या भागांचे संदर्भ किती ठासून भरायचे? एका मिनिटात तीन. पाचातली चार वेळा मला कळलं म्हणून आनंद झाला आणि नंतर वाटलं की हा विनोद होता की तोंडी परीक्षा.

पण कोपरीकर, 'कार्टून म्हणजे स्टार ट्रेक नाही' हे मात्र नाही पटत. ट्रेकचं पहिलं कार्टून १९७३ चं आहे! फिल्मेशनने केलं, ७४ पर्यंत २२ भाग, आणि आवाज बहुतेक मूळ सीरिजच्या नटांचेच, कर्क झालेला शॅटनर, स्पॉक झालेला निमॉय, सगळे. फक्त चेकॉव्हचं काम करणाऱ्या कोनिगला घेतलं नाही, बजेट नव्हतं. त्याने मग एका भागाची गोष्ट लिहून दिली. १९७५ ला एमी (टीव्हीचा पुरस्कार) पण मिळाला त्या सीरिजला. कॅप्टन कर्कच्या नावातला 'टी' म्हणजे टायबेरियस हे पहिल्यांदा कुठे सांगितलं? त्याच कार्टूनमध्ये. तीन हात नि तीन पायांचा एक ऑफिसर होता त्यात, तो त्या काळात खऱ्या सेटवर कोण उभा करणार होतं? चित्रात करायचा फायदाच तो.

आणि सेरिटॉसवरची ती मांजर डॉक्टर, जी सारखी शिव्या देते, तिची जातही तिथलीच. ७३ च्या कार्टूनमध्ये पुलावर अशीच एक मांजरबाई बसायची, गुरगुरत बोलायची. मला तर डॉक्टरसाठीच दुसरा सीझन हवाय. अगदी आमच्या जुन्या फॅमिली डॉक्टरसारखी आहे, आधी ओरडणार मग औषध देणार.

---

झखाकू_परत_आला

पुलावर?? ताई ब्रिजला (जहाजाच्या कंट्रोल रूमला) ब्रिजच राहू द्या, मला एकदम कोपरी पूल दिसला, ट्रॅफिकमध्ये अडकलेला स्पॉक 😂

बाकी मी ट्रेकवाला नाही, आमचं बालपण दूरदर्शनवरच्या स्पेस सिटी सिग्मावर गेलं. थर्माकोलची यानं बघून मोठं झालेल्या माणसाला सगळंच भारी वाटतं.

---

ऐरोली_नाइटशिफ्ट

@चरई२२ संदर्भांचं खरंय, पण काकांच्या मुलाला एकही न कळता हसू येतंय ना, म्हणजे विनोद त्यावर उभा नाहीये. तो ऑफिसवर उभा आहे.

---

चरई२२

नववीतल्या मुलाला कुठलं ऑफिस? 🙂

---

ऐरोली_नाइटशिफ्ट

ऑनलाइन शाळा आहे ना. कॅमेरा बंद करून नेटवर्क गेलं सांगतात ते बफरच की.

---

कोपरीकर_७४ | ३१ जानेवारी २०२१

मंडळी, संपवलं. रोज एक ठरवलं होतं, पण काल रात्री शेवटचे तीन एकदम झाले.

तिसऱ्या भागाला हसलो, कबूल. पण मला जे लागलं ते वेगळंच. पहिल्या भागात एवढं सगळं होऊनही त्या पोरांचं नाव कुणी घेत नाही आणि ती बारमध्ये बसून त्यावरच थट्टा करतायत, हे मला पहिल्यांदा बघताना दिसलंच नव्हतं, कारण मी सगळा वेळ ब्रिजवरच्या लोकांकडे बघत होतो. तीस-पस्तीस वर्षांची सवय. परत लावून बघितला तेव्हा कळलं.

चरईताई, तुमचं वाचलं होतं म्हणून दहाव्या भागात सापडलं. सुरुवातीलाच कॅप्टनच्या हातात टॅबलेटसारख्या पॅडवर कर्क-स्पॉकचं चित्र येतं, ते चक्क ७३ च्या कार्टूनच्या ढंगातलं! पॉज केलं, चष्मा घातला, टीव्हीजवळ जाऊन बघितलं. आरडाओरड्याबद्दल मी तुमच्याच पार्टीत, आवाज १२ वर ठेवूनच बघावं लागतं. शेवटी कोण येतं ते लिहीत नाही, ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी. माझ्या घशात आवंढा आला आणि पोरगा विचारतो, हे दाढीवाले कोण.

उद्यापासून लोकल सगळ्यांना सुरू होतेय, तीही ठरावीक वेळेतच, त्यामुळे दुसरा सीझन येईपर्यंत माझंही ऑफिस परत लागेल बहुतेक.

एक राहिलंच. कपाटाची बिजागरी निखळली होती, बायकोला म्हटलं रविवार उजाडेल, सामान आणायला गोखले रोडला जावं लागेल. काम वीस मिनिटांचं, शुक्रवारीच करून ठेवलं आणि निवांत भाग बघत बसलो. तर पोरगं आतून ओरडलं, आई, हा बाबांचा बफर टाइम आहे. आता गीझर, बाथरूमचा नळ आणि माळा, तिन्ही आजच्या आज. घरातच बॉइमलर निघाला.