अर्धशिशी म्हणजे मायग्रेनच का?

प्रश्न : एका आरोग्यपुस्तिकेचं भाषांतर करतोय. 'मायग्रेन' दिसेल तिथे 'अर्धशिशी' लिहीत गेलो. पुढे 'हेमिक्रेनिया' नावाचे दोन निराळेच आजार निघाले आणि कोशात त्यालाही अर्धशिशीच! काय करावं?

प्रतिसाद : कोशाला दोष देऊ नका. ग्रीक 'हेमिक्रेनिया' म्हणजे अर्धी कवटी. तोच शब्द फ्रेंचांच्या तोंडी झिजून 'मिग्रेन' झाला. आपलं अर्ध अधिक शीर्ष, त्याची अर्धशिशी. हिंदीत आधासीसी. (शिशीचा बाटलीशी संबंध नाही. अर्धी बाटली औषध संपलं की डोकं थांबतं, असं मी लहानपणी समजायचो.) सुश्रुताच्या अकरा शिरोरोगांत याचं नाव अर्धावभेदक.

घोटाळा असा की डॉक्टर आता निव्वळ 'अर्ध्या'वर जात नाहीत. डोकेदुखीच्या 2018 च्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात मायग्रेनच्या दुखण्याला चारपैकी दोन खुणा पुरतात : एका बाजूला दुखणं, ठसठसणं, मध्यम ते तीव्र कळ, जिना चढण्यासारख्या साध्या हालचालीने वाढणं. जोडीला मळमळ-उलटी, नाहीतर उजेड आणि आवाज दोन्ही नकोसे होणं. औषध न घेता 4 ते 72 तास. म्हणजे पूर्ण डोकं ठसठसत असलं तरी मायग्रेन असू शकतं. मुलांत तर तसं बऱ्याचदा असतं. उलट ते दोन हेमिक्रेनिया कायम एकाच बाजूचे, पण मायग्रेन नव्हेत. एक 2 ते 30 मिनिटांचा, दिवसातून कितीदा तरी येणारा. दुसरा तीन महिन्यांहून जास्त काळ न थांबणारा. दोन्ही इंडोमेथॅसिन या औषधाने थांबतात, आणि ती त्यांची ओळखच आहे. मी अर्धशिशी मायग्रेनलाच ठेवीन आणि हेमिक्रेनिया देवनागरीत तसाच.

प्रश्न : आणि 'क्लस्टर'ला 'गुच्छ डोकेदुखी'?

प्रतिसाद : नको हो, फुलं आठवतात! आठवडे-महिने झटक्यांची रांग लागते, मग बहुतेकांना मधे मोकळा काळ मिळतो, म्हणून ते नाव. झटका 15 मिनिटं ते 3 तास; डोळ्याभोवती असह्य कळ, त्याच बाजूचा डोळा लाल, पाणी गळतं, नाक वाहतं. मायग्रेनवाला अंधाऱ्या खोलीत पडून राहतो, हा येरझाऱ्या घालतो. 'क्लस्टर' लिहा आणि खाली दोन ओळींत हे सांगा.

आणखी एक प्रश्न : 'टेन्शन-टाइप' डोकेदुखीचं काय? 'ताणाची डोकेदुखी' लिहिलं की वाचणारा म्हणतो, मला कसलं टेन्शन नाही.

प्रतिसाद : म्हणूनच 1988 च्या पहिल्या वर्गीकरणात 'टाइप' जोडलं, कारण ताणच आहे असं त्यांना ठामपणे म्हणायचं नव्हतं. 'ताणसदृश' चालेल, जरा कोरडं आहे खरं. दोन्ही बाजूंनी आवळल्यासारखं दुखतं, चालण्याफिरण्याने वाढत नाही, अर्ध्या तासापासून सात दिवसांपर्यंत राहतं. आमची आई डोकं दुखलं की सुंठ उगाळून लावायची आणि वर फडकं करकचून बांधायची. एकदा डॉक्टरांनी विचारलं, "फडकं बांधल्यासारखं वाटतं का?" ती म्हणाली, "बांधलेलंच आहे की!"

नामांपेक्षा आपली क्रियापदं जास्त कामाची आहेत. पुस्तिकेत रुग्णासाठी प्रश्नावली असेल तर 'वेदनेचे स्वरूप' असला मथळा काढून टाका. डोकं ठसठसतं, आवळतं, की सणक मारते, एवढंच विचारा. आणि 'डोकं उठलंय' हा पर्याय ठेवू नका, तो सगळेच टिकमार्क करतील.